'वेस्ट एंड गर्ल्स': एकच गाणं, दोन जन्म (आणि माझी एक कॅसेट)

कॅसेटवेडा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. परवा पावसाने दिवे गेले, इन्व्हर्टरने मान टाकली, मग लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर हे खरडलं. विषय चाळीस वर्षं जुना आणि वर इंग्रजी गाण्याचा: पेट शॉप बॉइज या ब्रिटिश जोडीचं 'वेस्ट एंड गर्ल्स'. ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

१९८७ चे गणपती. मी सातवीत. मस्कतला नोकरीला असलेला आतेभाऊ सांगलीला आला. बॅगेतून टँगची बाटली, वासाचे साबण, आईला न चुरगळणारी साडी असं निघता निघता माझ्या हातात एक नव्वद मिनिटांची कॅसेट आली. दुकानातली छापील नव्हे, कुणीतरी भरून दिलेली. कव्हरवर बॉलपेनने 'इंग्लिश डिस्को २'. 'इंग्लिश डिस्को १' कुठे गेली हे अजून कोडं आहे.

'अ' बाजूचं दुसरं गाणं. आधी खालून एक जड, गोल सूर सरकत येतो. मग एक माणूस बोलायला लागतो. गात नाही, बोलतो. शेजारून चालता चालता कुणीतरी कानात बातमी सांगावी तसा. आणि तेवढ्यात तोच माणूस एकदम गायला लागतो, आवाज पातळ, जरा थंडी वाजल्यासारखा. शब्द एक कळत नव्हता. मी आणि धाकटा भाऊ 'बेस्ट इन गर्ल्स' असं ओरडत अंगणात फिरायचो आणि आजी विचारायची, कोण पहिली आली रे?

पुढे पुण्याला हॉस्टेलवर मित्राच्या प्लेअरवर तेच गाणं लागलं आणि मी उठून बसलो. संथ! मी म्हटलं, अरे तुझा बेल्ट सैल झालाय. तो म्हणाला, सीडी आहे रे, बेल्ट कुठला? तेव्हापासून हा किडा डोक्यात होता. नेट आल्यावर उलगडा झाला. हे गाणं दोनदा रेकॉर्ड झालंय.

तर गोष्ट अशी. नील टेनंट हा इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नॉर्थ शील्ड्सचा. लंडनला मार्व्हल कॉमिक्सच्या कचेरीत नोकरी. अमेरिकन स्पेलिंगं ब्रिटिश करायची, आणि ज्या चित्रांतल्या बायका ब्रिटिश वाचकांना फारच उघड्या वाटतील तिथे खुणा करायच्या, म्हणजे चित्रकार कपडे वाढवेल. (असं काम मलाही जमलं असतं.) ख्रिस लो ब्लॅकपूलचा, लिव्हरपूलला आर्किटेक्चर शिकणारा. मिल्टन कीन्समध्ये त्याने डिझाइन केलेला एक जिना आहे म्हणे. ऑगस्ट १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात दोघांची गाठ पडली, बोलणं निघालं, आणि दोघांनाही नाचायची गाणी आवडतात असं लक्षात आलं. पुढे टेनंट 'स्मॅश हिट्स' या पोरांच्या संगीत मासिकात लागला. १९८३ मध्ये मासिकाने त्याला 'द पोलीस' या बँडसाठी न्यूयॉर्कला पाठवलं. तिथे तो स्वतःच्या हौशीने बॉबी ऑरलँडोला भेटला. हा बॉबी ओ म्हणजे क्लबात वाजणारी रेकॉर्डं एकहाती काढणारा माणूस, दोघांचं दैवत. चीजबर्गर खाता खाता टेनंटने सांगितलं की आम्हीही गाणी करतो, आणि बॉबी म्हणाला, चला, रेकॉर्ड काढू.

ती पहिली आवृत्ती एप्रिल १९८४ मध्ये आली. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लबांत वाजली, फ्रान्स-बेल्जियममध्ये थोडीफार चालली, आणि मायदेशात १२१ वा नंबर. म्हणजे नाहीच. मग करारातून सुटण्याची मारामारी, मग १९८५ मध्ये पार्लोफोन कंपनी, तिथलं पहिलं गाणं 'ऑपॉर्च्युनिटीज', तेही ११६ वर आपटलं. तेव्हा स्टीव्हन हेग नावाचा अमेरिकन निर्माता गाठून जुनंच गाणं पुन्हा पहिल्यापासून बांधलं. ऑक्टोबर १९८५ मध्ये ते बाजारात आलं, हळूहळू जिना चढावा तसं चढत जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं, आणि मे महिन्यात अमेरिकेतही पहिलं. टेनंट तेव्हा एकतीस वर्षांचा. पॉपच्या हिशेबात काकाच.

आता माझा मुद्दा. जग ज्याच्यावर फिदा आहे ती हेगची संथ आवृत्ती. माझ्या कॅसेटवर होती ती बॉबीची, वेगातली. आणि माझ्या मते पहिलीच जिवंत आहे. दुसरी इस्त्री केलेली. गल्फमध्ये क्लबवाल्या कॅसेटी फिरत, त्यातूनच ती सांगलीपर्यंत आली असणार. दोन्ही ऐकलेल्या कुणी इथे आहे का?

मी_उगाच

पहिली! वाचतेय. आजीचा प्रश्न भारी.

भीमपलास

लेख खुमासदार आहे, त्याबद्दल वाद नाही. लिंक शोधून गाणं ऐकलं. पण मला प्रामाणिकपणे सांगा, यात गाणं कुठे आहे? एक इसम बोलतो. दुसरा इसम टोपी घालून मागे उभा राहतो आणि त्याचे डोळेसुद्धा दिसत नाहीत. वाद्यं सगळी यंत्रातली. दोन माणसांत बँड? आमच्याकडे दोन माणसांत भजनही होत नाही, टाळाला तिसरा लागतो.

ऑक्टोपॅड

भीमपलास, यंत्रातली म्हणालात तिथे जरा थांबतो, कारण माझं पोट त्याच्यावर चाललंय. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात वाद्यवृंदात होतो. आधी कीबोर्ड, मग नावाप्रमाणे.

त्या काळात इंग्लंडात दोघा-दोघांच्या जोड्यांचा सुळसुळाट होता. सॉफ्ट सेल, याझू, युरिथमिक्स, नंतर इरेजर. कारण साधं आहे. ड्रमर, बासवाला, चार व्हायोलिनं यांची कामं यंत्रं करायला लागली, तेव्हा लागायला उरले दोन: एक गळा आणि एक यंत्रं सांभाळणारा. व्हॅन नको, तालमीला मोठी जागा नको, ड्रमरची भांडणं नकोत. (आमच्या वाद्यवृंदात अकरा जण होतो. एकाच्या लग्नाच्या दिवशी दुसऱ्याच्या लग्नाची सुपारी आली होती. पुढचं विचारू नका.)

आता या गाण्यात काय आहे ते कान देऊन ऐका. मध्ये एक ट्रंपेट वाजतो ना, एकटा, रात्री रिकाम्या रस्त्यावरून आल्यासारखा? तो ट्रंपेट नाहीच. एम्युलेटर नावाचं यंत्र आहे. अमेरिकेतल्या ई-म्यू कंपनीचं, पहिलं मॉडेल १९८१ चं, दुसरं १९८४ चं. किंमत आठ हजार डॉलरच्या घरात, म्हणजे आमच्या गल्लीत तेव्हा घर आलं असतं. खऱ्या वाद्याचा एक सूर त्यात भरायचा, की यंत्र तोच सूर सगळ्या पट्ट्यांवर वर-खाली पसरतं. फ्लॉपी घालायची, दुसरं वाद्य. मागे जो माणसांच्या 'आऽ'चा थर आहे तोही त्यातलाच. पण एकच सूर ताणून पसरला की मूळ जागेपासून लांबच्या पट्ट्यांवर तो जरा विचित्र होतो, चेहरा ताणल्यासारखा. ट्रंपेट असून ट्रंपेट नाही असा. या गाण्याला तोच विचित्रपणा लागू पडलाय. खरा ट्रंपेटवाला बोलावला असता तर त्याने चार हरकती घेऊन सगळं बिघडवलं असतं.

पडद्यामागे एक बाई गुणगुणते, ती मात्र खरी आहे. हेलेना स्प्रिंग्ज. त्याआधी बॉब डिलनच्या मागे गायलेली.

सनावळी

संगीतातलं कळत नाही, पण गाण्यात जिनिव्हाच्या तळ्यापासून फिनलंड स्थानकापर्यंतचा उल्लेख ऐकला आणि खुर्चीतून पडायची वेळ आली. डिस्कोत लेनिन!

ज्यांना संदर्भ लागला नसेल त्यांच्यासाठी: एप्रिल १९१७ मध्ये लेनिन स्वित्झर्लंडमधून जर्मनीमार्गे, तो बंद डब्यातला प्रसिद्ध प्रवास करत, पेत्रोग्राडच्या फिनलंड स्थानकावर उतरला. आता कवीची चूक काढतो, सवय आहे. गाडी सुटली ती झ्युरिकहून, ९ एप्रिलला. जिनिव्हात लेनिन राहिला होता, पण ते बरंच आधी. अर्थात 'झ्युरिकचं तळं' चालीत बसलं नसतं असं कुणी म्हणेल, तर मान्य.

आणखी एक गंमत. शोधाशोध करताना कळलं की पहिल्या, म्हणजे १९८४ च्या आवृत्तीत जो स्टालिनचंही नाव आहे. तू स्वतःला स्टालिन समजतोस का, अशा अर्थाची ओळ. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करताना ती गाळली. पक्षातून हकालपट्टी झालेल्यांचे फोटो खोडून काढणाऱ्याचंच नाव खोडलं गेलं.

खवचट_काका

म्हणजे थोडक्यात 'कुलाबा गर्ल्स आणि लालबाग बॉइज'. यात लेनिन कशाला?

लंडनची_पुणेरी

काका, तुलना सुचते खरी, मलाही इथे आल्या आल्या सुचली होती, पण ताणू नका. लंडनचा ईस्ट एंड म्हणजे गोदी, कारखाने, दर लाटेला येणारे स्थलांतरित. वेस्ट एंड म्हणजे थिएटरं, दुकानं, दिव्यांचा झगमगाट. शनिवारी रात्री दोन्हीकडची तरुण मंडळी एकाच चौकात येतात, एकमेकांकडे बघतात, एकमेकांसारखं व्हायला बघतात, आणि शेवटच्या ट्यूबने आपापल्या बाजूला जातात. गाण्यात गोष्ट अशी नाहीच. तुकडे आहेत, वेगवेगळे आवाज. टेनंटने सांगितलंय की टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' डोक्यात होती, कोण बोलतंय हे न सांगता आवाज बदलत जाणारी. आणि दुसरीकडून ग्रँडमास्टर फ्लॅशचं 'द मेसेज', १९८२ चं, न्यूयॉर्कच्या गल्लीतलं बोलगाणं. शिवाय दोघंही लंडनचे नव्हते, हे विसरू नका. बाहेरगावहून आलेला माणूस शहर जसं बघतो तसं हे आहे. मी इथे येऊन एकोणीस वर्षं झाली तरी लेस्टर स्क्वेअरला शनिवारी रात्री गेले की पर्स घट्ट धरते आणि मान वर करून दिवे बघते. दोन्ही एकदम.

नावाची गोष्टही इथलीच. यांचे मित्र ईलिंगमध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानात कामाला होते, त्यावरून पेट शॉप बॉइज.

आता महत्त्वाचं. माझं ऑफिस ऑक्सफर्ड सर्कसजवळ आहे. दुसरी आवृत्ती जिथे झाली तो अ‍ॅडव्हिजन स्टुडिओ गॉसफील्ड स्ट्रीटवर होता, चालत सात-आठ मिनिटं. तुमचा धागा वाचून आज डबा घेऊन तिथे गेले. अरुंद, शांत गल्ली. विटांच्या इमारती, कडेला सायकली, एक माणूस फोनवर भांडत होता. हेगने स्टुडिओबाहेर येऊन याच रस्त्याचे आवाज टेपवर घेतले आणि गाण्याच्या सुरुवातीला लावले. नीट हेडफोन घालून ऐका, अगदी आरंभी गाड्यांच्या घरघरीत उंच टाचांचे बूट वाजत जातात. कुणी बाई चालत गेली असेल, तिला काही पत्ता नसेल. मी टाचा घातल्या नव्हत्या. फटफट चपलांनी चालून आले.

मी_उगाच

लंडनची_पुणेरी, शेवटचं वाक्य वाचून चहा नाकात गेला.

अस्सल_आळशी

भर घालतो, फार नाही. ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिलं राहिल्यावर याला खाली ओढलं ते नॉर्वेच्या आ-हा बँडने. २०२० मध्ये 'गार्डियन'ने आजवरच्या ब्रिटिश पहिल्या नंबरांतली सर्वश्रेष्ठ शंभर निवडली, त्यात हे अव्वल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात दोघं हेच गात आले, डोक्यावर उंच टोकदार टोप्या आणि बसायला सायकलरिक्षा. हो, सायकलरिक्षा. तो व्हिडिओ पाहून आमच्या नागपूरच्या मामांची पहिली प्रतिक्रिया: भाडं किती ठरलं असेल?

भीमपलास

तीनदा ऐकलं. आता सांगतो.

ऑक्टोपॅड म्हणाले त्या ट्रंपेटचं मला पटलं. आणि बोलण्याबद्दल मी घाई केली. शाहीर मध्येच गद्यात येतो, डफ चालूच असतो, आणि त्याच्या गद्यालाही ठेका असतो, श्वास कुठे घ्यायचा हे ठरलेलं असतं. हा गृहस्थ तसंच करतो. फक्त शाहीर आवाज चढवतो, हा उतरवतो. आणि गाण्यावर येतो तेव्हा तयारी न दाखवता येतो. बोलणारा माणूस जिथे होता तिथूनच सूर सुरू होतो, गवयाने बैठक मारल्यासारखा नाही.

तरी मागे उभा राहणाऱ्याचं काय ते कळलं नाही.

ऑक्टोपॅड

मागे उभा राहणारा म्हणजे तंबोरा समजा.

भीमपलास

तंबोरा टोपी घालत नाही.

तिरपा_सूर

उशिरा आलो. कॅसेटवेडा, तुझा लेख दोनदा वाचला आणि एका जागी अडकलो. मी आकाशवाणीत तीस वर्षं टेप सांभाळल्या, त्यामुळे खोड आहे, माफ कर.

तुझ्या कॅसेटवर बॉबीची आवृत्ती होती हे तुला कशावरून कळलं? तू एकच पुरावा दिलास: ते वेगात होतं. वेग हा पुरावा होत नाही. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर धावायला हवी. आणि तुझी कॅसेट भरलेली होती. भरताना रेकॉर्ड करणारा डेक मंद चालत असेल, मोटर थकलेली असेल, रबर घसरत असेल, तर तीच कॅसेट नीट चालणाऱ्या प्लेअरवर घातली की पळते. लोकांना उलटं वाटतं. मंद डेक पळणारी कॅसेट जन्माला घालतो.

तर तीन खुणा तपास. वर मंडळींनी आयत्याच दिल्यात. एक, सुरुवातीला रस्त्याचे आवाज आणि टाचा आहेत का? त्या लंडनच्या, म्हणजे हेगच्या. दोन, ती गुणगुणणारी बाई आहे का? तीही हेगची. तीन, स्टालिन आहे का? तो बॉबीचा. आणि चौथी खूण माझी. सूर बघ. दुसऱ्या आवृत्तीशी पेटीवर ताडून बघ. टेप सहा टक्के जोरात पळाली की सगळं गाणं बरोबर एक पट्टी वर चढतं, पांढरी सोडून शेजारच्या काळीवर.

कॅसेटवेडा

तिरपा_सूर, तू माझ्या बालपणावर उठलायस.

नाही, ती बॉबीचीच आहे. मी सांगतो ना. पण... रस्त्याचे आवाज आठवत नाहीत. आठवतो तो खालून येणारा सूर. कॅसेटच्या सुरुवातीला खरखर होती खूप, तिच्यात गेले असतील. म्हणजे असतील तर. नाहीतच.

कॅसेट सांगलीला आहे, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. आईला फोन केला तर ती म्हणाली, त्या ट्रंकेवर तीन गाद्या आहेत, तू ये आणि काढ. दिवाळीला जाईन.

सनावळी

बाकीची गाणीही वेगात होती का? एकाच गाण्याचा वेग वाढत नाही.

कॅसेटवेडा

बाकीची मी दुसरीकडे कधी ऐकलीच नाहीत. :(

खवचट_काका

दिवाळीपर्यंत धागा वर ठेवायची जबाबदारी माझी. वर.

खवचट_काका

वर.

खवचट_काका

आकाशकंदील लागले. वर.

कॅसेटवेडा

आलो. बसा.

नरक चतुर्दशीला फराळ झाल्यावर गाद्या काढल्या. ट्रंकेत भावाचे शाळेचे दाखले, एक फुटका टॉर्च, बाबांची दाढीची पेटी आणि सर्वांत खाली 'इंग्लिश डिस्को २'. पट्टी सैल होऊन बाहेर लोंबत होती. षटकोनी पेन्सिल शोधायला अर्धा तास गेला, आता घरात सगळ्या पेन्सिली गोल किंवा बॉलपेनं. शेवटी भाचीच्या कंपासातली मिळाली. कॅसेटच्या चाकाच्या दातांत पेन्सिल अडकवून हळूहळू पट्टी गुंडाळली. प्लेअर शेजारच्या काकांचा, त्यांचा अजून रोज सकाळी अभंगांना चालतो, म्हणजे भरवशाचा.

'अ' बाजू. पहिलं गाणं संपलं. खरखर. मी कान स्पीकरला लावला. भाची म्हणाली, मामा काय करतोय? आई म्हणाली, गप बस.

खरखरीच्या मागे गाड्या होत्या. आणि टक, टक, टक, टक.

बाई पण आहे. स्टालिन नाही. स्टालिनची वाट बघत शेवटपर्यंत ऐकलं, कधी नव्हे ते स्टालिन यावा असं वाटत होतं.

मग आईची पेटी काढली. एका बाजूला फोनवर हेगची आवृत्ती, दुसऱ्या बाजूला कॅसेट. फोनवरच्या गाण्याचा खालचा सूर आईने पांढऱ्या पट्टीवर धरला. कॅसेट लावली. तिने बोट उचललं आणि शेजारच्या पट्टीवर ठेवलं. पण सूर काळीवर पडला नाही, काळी आणि पांढरीच्या मध्ये कुठेतरी, ती म्हणाली, "यांचा गळा जरा चढा आहे." तिला तिरपा_सूर कोण हे माहीत नाही.

आतेभावाला मस्कतला फोन केला. त्याला कॅसेट आठवली. मत्राच्या, म्हणजे मस्कतमधल्या जुन्या बाजारातून घेतलेलीच नाही ती. त्याच्या खोलीत सात जण राहायचे, त्यातल्या एका मल्याळी मित्राकडे दोन खणांचा टेपरेकॉर्डर होता. शुक्रवारी सुट्टी, मग दिवसभर एकेकाच्या गावाकडच्या भावंडांसाठी कॅसेटी भरायचे. "तो टेप एकदा पडला होता," भाऊ म्हणाला. "एका खणाचं झाकण रबरबँडने लावायचो."

तर असं आहे.

तिरपा_सूर

मी काही बोलत नाही.

मी_उगाच

बोलूच नका.

भीमपलास

मातोश्रींचा कान उत्तम आहे. हे नोंदवावंसं वाटलं.

लंडनची_पुणेरी

म्हणजे गॉसफील्ड स्ट्रीटवरून चालत गेलेली ती बाई १९८७ मध्ये सांगलीत पोचली होती, आणि तीही घाईघाईने.

एक विचारू का? तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये बॉबीच्या आवृत्तीला जिवंत म्हणालात आणि हेगच्या आवृत्तीला इस्त्रीची. मग बॉबीची तुम्ही ऐकली कधी?

कॅसेटवेडा

हा प्रश्न येणार हे माहीत होतं.

आज सकाळी. नेटवर असतेच, पण 'ती तर मला पाठ आहे' म्हणून मी कधी लावलीच नव्हती. पंचवीस वर्षं लोकांना तिच्याबद्दल भाषणं दिली आणि ऐकली आज सकाळी, दात घासताना.

वेगळीच आहे हो. ढोल कोरडे, आदळणारे, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. टेनंट बोलतो ते जरा ओरडून, समोर नाचणारी माणसं आहेत आणि त्यांना ऐकू गेलं पाहिजे अशा बेताने. ट्रंपेट नाही, ती बाई नाही, रस्ता नाही. वाईट नाही. नाचायला मस्त असेल. पण कानात सांगितलेली बातमी नाही ती. हेगने काय केलं हे आज पहिल्यांदा कळलं: त्याने दोन आघातांच्या मधली जागा मोठी केली आणि त्या जागेत एक अख्खी गल्ली आणून ठेवली. म्हणजे मी जिच्या बाजूने इतकी वर्षं भांडलो तिच्यात मला आवडणारी एकही गोष्ट नव्हती. सगळ्या दुसरीतल्या. इस्त्रीवालीतल्या.

आणि तरीही फोनवर हेगची लावली की मला ती संथच वाटते. काय करू? माझी ती मधलीच, रबरबँडवाली.

संपादक मंडळाला विनंती: शीर्षकात 'दोन जन्म' आहे तिथे 'तीन' करता येईल का?

अस्सल_आळशी

तिसऱ्या आवृत्तीचा निर्माता म्हणून त्या मल्याळी मित्राचं नाव टाका.

ऑक्टोपॅड

आणि रबरबँडचं.

मी_उगाच

ती कॅसेट डिजिटल करून इथे टाका ना. एकदा ऐकायचीय.

तिरपा_सूर

माझ्याकडे आण, मी करून देतो. डेक चांगला आहे, डोकी साफ केलेली आहेत.

वेग सुधारणार नाही, काळजी करू नकोस.